तलवार खोटी असली तरी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रायगडावर मावळ्यांच्या वेशात छायाचित्रे काढण्याचा तुम्हा मित्रांचा बेत कळला आणि आनंद झाला. मात्र ‘तलवारींना धारच नाही, मग पोलीस काय म्हणणार?’ हे तुझे वाक्य वाचून राहवेना, म्हणून लिहीत आहे.

कायदा केवळ धार पाहत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येतून खेळणे म्हणून सुटते ती अशीच वस्तू, जिचा खेळण्यापलीकडे उपयोग होऊ शकत नाही आणि जिचे खऱ्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही. तू भाड्याने आणणार आहेस ती लोखंडी पात्याची तलवार सहाणेवर घासली की कापू लागेल, त्यामुळे ती या सवलतीत बसते असे मी तरी म्हणणार नाही. फोमची, चंदेरी रंग दिलेली तलवार मात्र खेळण्यातच जमा होते, आणि छायाचित्रात ती तितकीच शोभते. दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला याचा अभिमान मलाही आहे. पण त्या मानामुळे तो कोणालाही कोठेही मिरवण्याची मुभा मिळालेली नाही.

याहून अधिक काळजी मला वाटते ती शस्त्रबंदीच्या आदेशाची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त सणासुदीला, निवडणुकीत वा तणावाच्या काळात असा आदेश काढतात, आणि त्यात तलवारी-भाल्यांबरोबर काठ्या, सोटे व शरीरास इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते. म्हणजे लाकडी तलवारही त्यात सापडू शकते. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा तारीख ठरवण्यापूर्वी त्या दिवशी आदेश लागू आहे का, याची पोलीस ठाण्यात चौकशी कर. तेथेच दिवस, वेळ, माणसांची संख्या आणि प्रत्येक वस्तू कशाची बनलेली आहे हे लिहून अर्ज दे व पोच घेतलेली प्रत जवळ ठेव. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने चित्रीकरणाबाबत त्यांच्याकडेही आधी विचारावे लागेल.

पाचाडपासून वर जाताना सर्व वस्तू कापडात गुंडाळलेल्या असू द्या आणि ठरलेल्या जागी पोहोचल्यावरच बाहेर काढा, कारण दुरून पाहणाऱ्याला पाते तेवढे दिसते, ते फोमचे आहे हे दिसत नाही. अर्जाचा मसुदा मला पाठव, मी तपासून देईन.

तुझा,
काका