ईएसआय कापत होते, आता काम सुटलं

प्रश्न : वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत तीन वर्षं पॅकिंगला होते. नोव्हेंबरात ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले. पगार १३ हजार, त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापायचे. घरधनी वारले, लेकरं दोन. बेकारी भत्ता मिळतो म्हणतात, खरं का?
– एक वाचक, रांजणगाव शेणपुंजी

उत्तर : खरं आहे. ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून तो मिळतो. २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कमाईच्या २५ टक्केच मिळायचे आणि अर्जाला ९० दिवस थांबावं लागे. २४ मार्च २०२० पासून ५० टक्के आणि ३० दिवस झाले. जुनाच नियम सांगणारे अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. योजना मुदतीची आहे आणि मुदतवाढीवर चालते, तेव्हा ती सुरू असल्याची शाखा कार्यालयात आधी खात्री करा.

विमा किमान दोन वर्षांचा हवा. काम नोव्हेंबरात सुटलं, म्हणून लगतच्या एप्रिल–सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत ७८ दिवस.

रकमेत मात्र बहुतेकांची फसगत होते. १३ हजारांचे अर्धे महिन्याला साडेसहा हजार मिळतील, असं धरून चालतात. प्रत्यक्षात चार सहामाह्यांच्या एकूण कमाईला ७३० ने (दोन वर्षांचे दिवस) भागतात. तुमची कमाई ३,१२,००० असेल तर रोजचे ४२७ रुपये ४० पैसे, त्याचे अर्धे २१३ रुपये ७० पैसे. ९० दिवसांचे १९,२३३ रुपये. मधे खाडे, ब्रेक असतील तर कमी. हे आयुष्यात ९० दिवसच. त्या काळात तुमच्यावर आणि लेकरांवर ईएसआयचे उपचार चालू राहतात, हे विसरू नका.

अर्ज ईएसआयच्या संकेतस्थळावर भरा, छापील प्रत आधार व बँक पासबुकाच्या झेरॉक्ससह ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या. ठेकेदाराची मनधरणी करायची गरज नाही. अडतं ते इथं : ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढतात, मग तीन वर्षं दोन क्रमांकांत वाटली जातात आणि ७८ दिवस भरत नाहीत. दोन्ही क्रमांक जोडून घ्या. आधारवर सासरचं नाव आणि विम्यात माहेरचं असेल तर आधी ते दुरुस्त करा. स्वेच्छानिवृत्ती किंवा गैरवर्तनाची शिक्षा दाखवली तर पैसे नाहीत, म्हणून हिशेब देताना कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका.

प्रश्न : नवऱ्यानं सहा वर्षांपूर्वी टाकलं, कोर्टाचा कागद नाही. दोन मुलं. शेतमजुरी करते, काय मिळेल?
– अंबाजोगाई तालुका

उत्तर : ईएसआय नाही म्हणजे बेकारी भत्ता नाही. परित्यक्तेसाठी तहसीलमधून संजय गांधी निराधार योजना, महिना १,५०० रुपये. वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार. २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या ३१२ रुपये दरानं अडुसष्टाव्या दिवशीच ती ओलांडते. अट जुनी आहे, पण दाखला तिच्यावरच मागतात. हे दीड हजार घेतले तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत. मुलांसाठी बाल संगोपन योजना वेगळी आहे, मुलामागं महिना २,२५० रुपये. अर्ज बीडला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मुलांचे शाळेचे बोनाफाईड सोबत न्या.