लग्नपत्रिकेचं गॅस्केट

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची १९७७ सालची पेट्रोल अँबॅसिडर, मार्क-३, अजून आमच्या दारात आहे. बाबा गेल्यापासून आठवड्यातून एकदा मीच बाहेर काढतो. महिनाभर झालं, दर दोन-तीन दिवसांनी रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतंय. गॅरेजवाला म्हणाला, वॉटर पंप गेलाय, गाडी चार दिवस सोडून जा. पण बाबा सगळी कामं अंगणातच करायचे. मलाही हे स्वतः करून बघायचंय. जमेल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : जमेल. रविवारी सकाळी सुरू केलंत तर दिवेलागणीपर्यंत गाडी चालू होईल. तुमचं १४८९ सीसीचं इंजिन मूळचं इंग्लंडच्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. त्या लोकांनी पंप इंजिनाच्या अगदी तोंडाशी ठेवलाय, पंखाही त्याच्याच शाफ्टवर फिरतो.

पण आधी खात्री करा की पंपच गेलाय. ‘पाणी कमी होतंय’ म्हटलं की बरेच लोक सरळ पंपाचं नाव घेतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत कितीदा तरी खालच्या होज पाइपची क्लिप ढिली निघालीये. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. बॉनेट उघडून आतल्या बाजूलाही नजर टाका. पंख्याच्या रेषेत गंजकट पाण्याचे शिंतोडे आडवे उडाले असतील तर पाणी पंपाच्या आसपासच गळतंय आणि पंखा ते भिरकावतोय. मग इंजिन थंड असताना पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवा. पंखा पुलीसकट डुलला तर बेअरिंगला प्ले आलाय, म्हणजे ते झिजून ढिलं झालंय. यातलं काहीच दिसलं नाही, कुठे थेंब नाही आणि तरी पाणी गायब होतंय, तर ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्रीचा, संशय घ्या. तो आजार वेगळा आणि खर्चही वेगळा.

पंपाच्या पोटाखाली बोटाने चाचपडलंत की एक बारीक भोक लागेल. ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. शाफ्टभोवती पाणी अडवणारा आतला सील झिजला की पाणी शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकतं. बेअरिंगपाशी पोचायच्या आत ते खाली पडून जावं म्हणून ही वाट. तिथून थेंब येणं म्हणजे सील गेल्याचा निरोप. पण आपले लोक निरोप आणणाऱ्याचंच तोंड बंद करतात! त्या भोकात एम-सील भरलेले पंप मी पाहिलेत. गळती थांबते, आणि मग ते पाणी निवांत बेअरिंगमध्ये शिरतं. तुमच्या पंपावर एम-सील दिसलं तर बाबांना दोष देऊ नका. त्या काळी सगळेच तसं करायचे.

आता हत्यारं. तुमच्या गाडीला इंची पाने लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो. गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की तोच पाना डोकं गोल करून टाकतो. बाबांच्या पेटीत इंची रिंग पाने असणारच, शोधा. नसतील तर कोल्हापूरच्या गुजरी बाजारात नको, शिवाजी उद्यमनगरात हत्यारांच्या दुकानात जा. (गुजरीत सोनं मिळतं. एका पोराला मी नुसतं ‘बाजारात बघ’ म्हणालो होतो, तर तो तिथे जाऊन आला.) पंपाच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सुटायचं तेल किंवा रॉकेल सोडून ठेवा.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची वायर काढा, रेडिएटरचं झाकण काढा, खाली घमेलं ठेवा. रेडिएटरचा खालचा कॉक सोडा आणि इंजिन ब्लॉकच्या अंगाला आहे तोही. ब्लॉकच्या कॉकमधून बहुधा काहीच येणार नाही, कारण त्यात गाळ बसलेला असतो. तार घालून ढोसा. चहासारखं पाणी भसकन आलं की समजा बरोबर चाललंय.

पुढे रेडिएटर बाहेर काढा. न काढताही पंप निघतो असं सांगणारे भेटतील. त्यांचे हात बघा, बोटांवर जाळीचे ओरखडे असतात. रेडिएटर काढला की हाताला जागा होते आणि खालच्या बाजूने नळी लावून तो उलटा धुताही येतो. मग डायनॅमो (बॅटरी चार्ज करतो तो) ढिला करून फॅन बेल्ट काढा, पंखा आणि पुली सोडवा. डायनॅमोचा एक बोल्ट पंपाच्याच अंगात आहे, तो विसरून पंपाला हिसडे देत बसू नका. एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढा आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागी खोचत जा. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड जागी पिळला की ब्लॉकच्या आट्या गेल्या, आणि मग अंगणातलं काम लेथवाल्याकडे पोचतं.

पंप हातात आला की पालथा करून त्याचं चक्र, म्हणजे पाणी ढकलणारी पाती, बघा. तुमच्या पत्रात रेडिएटरमध्ये कुठलं पाणी घालता ते लिहिलेलं नाही, पण पत्ता जयसिंगपूरचा आहे. शिरोळ तालुक्यात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या; त्याच जमिनीखालचं बोअरचं पाणी बिडाच्या पंपात वर्षानुवर्षं उकळलं की काय उरणार? पाती कुरतडलेली दिसतील, आत पांढऱ्या-तांबूस खपल्या असतील. सीलचा गुळगुळीत चेहरा याच खपल्यांनी खरवडला जातो. तेच पाणी परत घातलंत, तर नव्या पंपाचंही तेच होणार.

नवा घ्यायचा की जुना भरून घ्यायचा? अंग शाबूत असेल, तडा नसेल, तर मी जुनाच भरून घेईन. बेअरिंग आणि सील प्रेसवर बदलून देणारे उद्यमनगरात मिळतात. पण बदललेला पंप घेताना दुकानातच शाफ्ट हाताने फिरवा. खरखर नको, चक्र अंगाला घासायला नको. नवाच घेणार असाल तर जुना सोबत न्या, शेजारी शेजारी ठेवून भोकं आणि पुलीची बैठक जुळवा. ‘साहेब, सगळे सारखेच असतात’ हे वाक्य ऐकू आलं की दुकान बदला.

आता गॅस्केट, म्हणजे पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये गळती अडवायला बसवतात तो कागद. १९८६ च्या पावसाळ्यात सावंतवाडीहून येताना आंबोली घाटात माझ्या स्वतःच्या गाडीच्या पंपाचं गॅस्केट फाटलं. चूक माझीच. महिन्यापूर्वी पंप काढला होता तेव्हा जुनंच गॅस्केट ग्रीस लावून परत बसवलं होतं. गाडीत एका लग्नाची पत्रिका होती, जाड कागदाची. ती पंपाच्या तोंडावर धरून लहान हातोडीने कडेकडेने ठोकली, गॅस्केट कापून निघालं, दोन्ही बाजूंनी ग्रीस चोपडून बसवलं. रेडिएटर धबधब्याच्या पाण्याने भरला. पावसाचं ते पाणी आपल्या बोअरपेक्षा कितीतरी बरं. झाकण ढिलं ठेवलं, म्हणजे आत दाब चढू नये, आणि थांबत थांबत कोल्हापूर गाठलं. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला, पत्रिका कुठाय? मुहूर्ताची वेळ तेवढी वाचता येत होती.

सांगायचं काय, तर घाटात पत्रिका चालते, अंगणात नाही. नवं कागदी गॅस्केट आणा. ब्लॉकवरचं जुनं बोथट पात्याने खरवडून काढा, पॉलिश पेपरने हलकेच साफ करा, भोकांत चिंध्या कोंबून ठेवा म्हणजे कचरा आत पडणार नाही. (चिंध्या नंतर काढायच्या असतात. हसू नका.) गॅस्केटला शेलॅकचा (सांधा बंद करणाऱ्या चिकट लेपाचा) पातळ हात पुरे. थापलंत तर आत सुटलेला गोळा रेडिएटरच्या नळीत अडकेल. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पाना लांब आहे म्हणून अंगातली रग काढू नका. पंपाचं कान बिडाचं आहे, टचकन तुटतं. बेल्ट सर्वांत लांब अंतराच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून ताठ ठेवलात तर नवं बेअरिंग लवकर ओरडेल.

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं करून सावकाश भरा. झाकण न लावता इंजिन चालू करा, बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तशी भर घाला. मग झाकण लावून गावाबाहेर एक चक्कर मारून या. दुसऱ्या दिवशी थंड असतानाच पुन्हा बघा, थोडं कमी झालेलं असेल. आणि पुठ्ठा एक आठवडा तिथेच राहू द्या.

प्रश्न : माझी जिप्सी आहे, १.३ पेट्रोल. तिचा पंप घरी बदलता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टायमिंग बेल्ट कधी बदलला नसेल तर पहिल्यांदाच हे घरी करू नका. तुमचा पंप फिरतो बाहेरच्या बेल्टवर, पण बसलाय टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या, मागे. तो बेल्ट उतरवल्याशिवाय पंप निघत नाही, आणि परत चढवताना एक दात जरी सरकला तरी व्हॉल्व्हचं गणित बिघडतं. जाणत्या माणसाकडे द्या, मात्र बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी नवे टाकायला सांगा. मजुरी एकदाच पडते.

प्रश्न : कूलंट हिरवं चांगलं की गुलाबी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंगावर जाऊ नका, रंग कंपनी आपल्या मनाने टाकते. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. काही प्रकार एकमेकांत मिसळले की साय धरते. काढलेलं जुनं कूलंट मात्र घमेल्यात उघडं ठेवू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.