ऑपरेशनच्या कागदावरची सही

"मॅडम, तुमचं मूल असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

फिट्स येणाऱ्या मुलाच्या मेंदूचं ऑपरेशन सुचवलं गेलं की आईवडील हा प्रश्न मला, म्हणजे त्यांच्या समुपदेशकाला, विचारतातच. कोणी पहिल्याच भेटीत, कोणी निघता निघता दाराशी थांबून. मी त्याचं उत्तर देत नाही. का देत नाही, ते एका कुटुंबाच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा ११ वर्षांचा. लहानपणापासून फिट्स. आधी पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटायचं, मग नजर खिळायची, तोंड चघळल्यासारखं हलायचं, बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहायची. भानावर आला की मधलं काहीच आठवायचं नाही. औषधं बदलून झाली होती, डोस वाढवून झाले होते. एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीत (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) फिटचा उगम मेंदूच्या उजव्या टेंपोरल, म्हणजे कानाजवळच्या भागात सापडला आणि न्यूरोलॉजिस्टनी ऑपरेशनचा सल्ला दिला. त्यानंतर कित्येक महिने या घरात दुसरा विषय नव्हता आणि निर्णयही नव्हता.

वडील जाडजूड फाइल घेऊन आले. त्यांचं म्हणणं एकच, "शंभर टक्के खात्री द्या, आत्ता सही करतो."

"आणि ऑपरेशन केलं नाही, तर सगळं नीट राहील याची खात्री कोणी दिली आहे?" मी विचारलं.

ते थांबले. हा हिशेब बहुतेक घरांत असाच अर्धवट मांडलेला असतो. एका बाजूला ऑपरेशनचे धोके आणि दुसऱ्या बाजूला शून्य. पण दुसरी बाजू कधीच शून्य नसते. पाण्यात किंवा जिन्यावर येणारी फिट, लांबत गेलेली फिट, औषधांची गुंगी, मागे पडणारा अभ्यास आणि क्वचित का होईना, पण झोपेत अचानक येणारा मृत्यू, हे सगळं त्या बाजूला असतं. 'खात्री असती तर बरं झालं असतं' हे म्हणणं रास्त आहे. 'खात्री मिळालीच पाहिजे, त्याशिवाय हलणार नाही' या हट्टाने माणूस जागच्या जागी अडकतो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे असे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, मानणारी आहे, आणि या दोन वाक्यांमधला फरक पटला की माणसं मोकळी होताना मी वारंवार पाहिलं आहे.

"अजून एखादं नवं औषध लागू पडेल की," हेही नेहमी ऐकू येतं. कधी कधी पडतंही. पण योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार (फिट्सचा आजार) मानावा, अशी व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने (आयएलएई) २०१० मध्येच केली आहे. तिसऱ्या-चौथ्या औषधाने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होते. २०१७ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणारी ११६ मुलं त्यात होती. वर्षभराने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिट्समुक्त होती, फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रासही झाला, मुख्यतः शरीराच्या एका बाजूची कमजोरी. मी दोन्ही आकडे सांगते. अर्धे आकडे सांगून मिळवलेली संमती टिकत नाही.

वडिलांना आकडे पटले. आई मात्र फाइलकडे पाहतही नव्हती.

"तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मी तिला विचारलं. वडील तिच्या वतीने बोलायला लागले, त्यांना मी हातानेच थांबवलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "फिट येऊन त्याला काही झालं तर ते आजाराने केलं. ऑपरेशनमध्ये झालं तर ते मी केलं."

वडिलांनी मान खाली घातली. "मी खात्री कशासाठी मागतोय असं तुला वाटतं?" ते तिला म्हणाले.

इतके महिने दोघं एकच ओझं वेगवेगळं वाहत होते. या कामात असे क्षण मोजकेच येतात आणि त्यांच्यासाठीच मी हे काम करते. त्यांना धोका समजत नव्हता असं नाही, उत्तम समजत होता. अडलं होतं ते सहीपाशी. 'तुमचं मूल असतं तर' या प्रश्नातही हीच विनवणी असते, की या सहीला आणखी कोणाचा तरी हात लागू दे. मी उत्तर दिलं तर घटकाभर बरं वाटेल, पण काही बिनसलंच तर त्यांच्या हातात उसना निर्णय उरेल.

म्हणून मी आईला एक काम दिलं. निर्णय काहीही असो, घ्याल त्या दिवशी तारीख घालून लिहून ठेवा: आज आम्हाला काय माहीत आहे, आम्ही कोणाला काय विचारलं, आम्ही हे का ठरवतोय. पालकांच्या हातात इतकंच असतं. परिणाम हातात नसतो. पुढे कधी स्वतःला जाब विचारायची वेळ आली, तर त्या दिवशीच्या माहितीवरूनच विचारायचा. तिने दोन पानं लिहून आणली. शेवटची ओळ होती, 'हे आम्ही घाईने केलेलं नाही.'

लिहायचं म्हणजे आधी विचारायला हवं. दोघं मिळून सर्जनना भेटले. आपल्या मुलाच्या बाबतीत फिट्स थांबण्याची शक्यता किती, काय गमावावं लागेल, ते तात्पुरतं की कायमचं, तुमच्या टीमने अशी किती ऑपरेशन्स केली आहेत, आणि आम्ही थांबलो तर? नजरेच्या डाव्या, वरच्या कोपऱ्यातलं थोडं दिसेनासं होऊ शकतं, हे त्यांना तिथेच पहिल्यांदा नीट कळलं. ज्यांच्या तपासण्या अजून व्हायच्या आहेत त्यांना सांगते, तपासणीला हो म्हणणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नव्हे. एका कुटुंबाने सगळं समजून घेऊन नकार दिला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली किटोजेनिक आहाराचा (भरपूर स्निग्ध पदार्थ, अगदी कमी कर्बोदकं) मार्ग धरला. त्यांचा निर्णयही मी तितकाच पक्का मानते.

आणि मुलगा? त्याला 'एक तपासणी आहे' एवढंच सांगितलं होतं. कृपा करून असं करू नका. मुलं बंद दाराआडचंही ऐकतात आणि उरलेलं स्वतः रचतात. त्याने मला विचारलं, "डोकं उघडल्यावर मी आईला विसरेन का?" हा प्रश्न तो किती दिवस एकटा घेऊन फिरत होता, कोण जाणे. मी त्याला तो सर्जननाच विचारायला लावला आणि त्यांनी चित्र काढून उत्तर दिलं. केस कापतील, डोक्याला पट्टी असेल, डोळा सुजेल, काही दिवस डोकं दुखेल, हेही आधीच सांगावं. फिट्स थांबल्या तर काय करशील, असं विचारल्यावर तो क्षणात म्हणाला, "आंघोळीला जाताना आतून कडी लावणार." आईला एकदम हसू आणि रडू आलं.

ऑपरेशन झालं. त्यानंतर आजवर फिट आलेली नाही. गोळ्या अर्थातच चालू आहेत, त्या ऑपरेशननंतर लगेच बंद करत नाहीत. घरात मात्र नवी भांडणं सुरू झाली आहेत आणि मला ती अपेक्षितच होती. आई अजून रात्री उठून त्याचा श्वास पाहते, तो त्यावरून चिडतो. वडिलांना वाटतं, आता तरी त्याने अभ्यासात भरपाई करावी. फिट्स थांबल्या तरी इतक्या वर्षांच्या सवयी आपोआप थांबत नाहीत, म्हणून ऑपरेशननंतरही काही महिने समुपदेशन चालू ठेवा असं मी आग्रहाने सांगते. कडी लावायला डॉक्टरांनी तूर्त मनाई केली आहे. मुलाला ते मान्य नाही. पुढच्या भेटीत तिघांनाही एकत्र बसवून त्यावरच बोलायचं ठरलं आहे.