हप्त्यासाठी उधारी नाही

प्रिय,

तुझा तक्ता वाचला. पुढच्या वर्षभराचे घराचे हप्ते कुठून भरायचे ते तू महिनावार मांडलंयस. आधी नोकरी सुटताना मिळालेली रक्कम, मग क्रेडिट कार्ड, मग पर्सनल लोन, शेवटी भावाकडून हातउसने. टापटीप आहे. पण पहिल्या रकमेनंतर एकही ओळ कमाईची नाही, हे तुला दिसलं नाही का? वर ‘नोकरी मिळेपर्यंत’ असं लिहिलंयस. नोकरी मिळेल, तुझ्या कामाबद्दल मला शंका नाही. कधी मिळेल, हे तक्त्याला माहीत नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे: हप्ता भरायला कर्ज काढायचं नाही. कार्डावर नाही, भावाकडूनही नाही. गृहकर्जाला घर तारण असतं. कार्डाला तारण काय? तुझा पुढचा पगार. कार्डाने हप्ते भरून शेवटी घर गेलंच, तरी कार्डाची बाकी उरते, आणि तिचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट. म्हणजे घरही नाही आणि नवं कर्ज गळ्यात.

‘पाच वर्षं भरलेलं वाया कसं घालवू’ असं विचारतेस. किती भरलंस ते बघ तरी. वीस वर्षांचं कर्ज, व्याज ९ टक्के धरलं, तर पाच वर्षं नियमित हप्ते भरूनही मुद्दल जेमतेम ११ टक्के फिटतं. उरलेले सुमारे ८९ तसेच. सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा वाटा व्याजातच जातो. ते पैसे गेले, त्या बदल्यात तू तिथे राहिलीस. त्यांच्यापायी पुढची वर्षं गहाण टाकायची नाहीत.

बँकेकडे जा. हप्ता चुकण्याआधी, चुकल्यावर नव्हे. नोकरी गेल्याचं पत्र, घरखर्चाचा खरा आकडा आणि ‘मला दरमहा इतकंच जमेल’ ही रक्कम घेऊन. मुदत वाढवून मिळेल का, काही महिने नुसतं व्याज घेतील का, हप्त्यांना विराम मिळेल का, हे तिन्ही विचार. प्रत्येकाची किंमत आहे. वरच्याच उदाहरणात उरलेली १५ वर्षं २५ केली तर हप्ता साधारण १७ टक्क्यांनी उतरतो, पण यापुढे भरायची एकूण रक्कम सुमारे ३८ टक्क्यांनी चढते. सहा महिने काहीच न भरता व्याज मुद्दलात जमा होऊ दिलं, तर मुद्दल दीड वर्षापूर्वी होतं तिथे, किंबहुना त्याच्याही थोडं मागे जाऊन बसतं. म्हणशील, हीसुद्धा उधारीच झाली. आहेच. पण तिचा दर गृहकर्जाचा आहे आणि तारण तेच जुनं आहे, तुझ्या पगारावर नवा हक्क कुणी सांगत नाही. एवढा फरक मला पुरतो. काय ठरेल ते लेखी घे. कर्जाबरोबर विमा घ्यायला लावला असेल तर तोही वाचून काढ, काहींत नोकरी गेल्यावर मोजके हप्ते भरायची तरतूद असते.

आता घटस्फोटाचं. ‘अर्धा हप्ता तो भरेल असं ठरलंय’ या वाक्यावर तू फार विसंबली आहेस. ते तुमच्या दोघांत ठरलं. बँक त्यात नव्हती. सहकर्जदार अर्ध्या कर्जाला जबाबदार नसतो, पूर्ण कर्जाला असतो. त्याने भरलं नाही तर बँक तुझ्याकडेच येणार, आणि क्रेडिट स्कोअर दोघांचा पडणार. त्याचं नाव कमी करायचं म्हटलं तर बँक एकटीचं उत्पन्न तपासेल, आणि सध्या ते शून्य आहे. उलट त्याला घर देऊन मोकळं व्हायचं मनात असेल, तर कर्जावरून तुझं नाव निघाल्याशिवाय मालकी सोडल्याची सही करू नकोस. मालकी गेली आणि कर्ज राहिलं, अशी माणसं मी पाहिली आहेत. वैताग आला म्हणून सही करून टाकतात!

भाड्याने देऊन स्वतः स्वस्त जागेत राहण्याचा हिशोब जरूर कर. बहुतेकदा भाडं हप्त्याला पुरत नाही. तुझंही पुरलं नाही तर विक. बँकेने लिलावात काढण्याआधी, तुझ्या हातात वेळ असताना विक, कारण विकणाऱ्याला घाई आहे हे कळलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. येणारी किंमत उरलेल्या कर्जापेक्षा कमी दिसत असेल तर सौदा करण्याआधी त्या फरकाचं काय, ते बँकेशी बोलून घे.

मी विकलं होतं. मला अजून ऐकवतात. त्या घराची आज काय किंमत असती, हे आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांना तोंडपाठ आहे. मी त्यांना विचारते, मधल्या वर्षांचे हप्ते कोण भरणार होतं? ‘काहीतरी केलं असतं’, म्हणतात. ते काहीतरी म्हणजे उधारीच. मी हट्टी आहे हे मान्य. त्या घराच्या गच्चीची आठवण येते, तेही मान्य. पण विकल्यावर मी जी पहिली नोकरी धरली ती पगार कमी असूनही धरू शकले, कारण डोक्यावर हप्ता नव्हता. कर्ज असतं तर ती मला परवडलीच नसती. हे त्यांच्या हिशोबात कुठे बसत नाही. मी तुला पटवतेय की त्यांना, कोण जाणे. ते असो.

भावाबद्दल एकच. तो देईल, म्हणूनच मागू नकोस. फार तर किराण्यापुरते घे, हप्त्यासाठी नाही.

विकायला किंवा मुदत वाढवायला नवऱ्याची सही लागणारच. फोनवर भांडण होतं म्हणतेस, तर फोन करू नकोस. मेल लिही: कर्ज किती उरलंय, पुढचा हप्ता कधी, तो किती भरणार, आणि बँकेत यायला कोणता दिवस जमेल. जुनं काही उकरू नकोस. मसुदा आधी मला पाठव, टोमणे मी काढून टाकते.

तुझी,
मावशी