कौल डावा झाला, पण विचारलं काय होतं?

बाय, तुझं सगळं वाचलं. 8 वर्षं कंत्राटी शिक्षिका, देवाला आंगवण म्हणजे नवस बोलून झाला, आणि आता कुठे थायलंडच्या शाळेचं बोलावणं आलंय. एजंट दीड लाख मागतोय. त्यात आईने देवळात कौल घेतला तो डावा झाला, म्हणजे देव नाही म्हणाला, आणि घरात अबोला. जाऊ की नको, असं तू विचारतेस.

मी 9 वर्षं थांबले होते. बाबांचं आजारपण, भावाचं लग्न, पैसे, कारणं तुझ्यासारखीच. दर चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभी राहून तेच एक मागणं. शेवटी बोलावणं आलं तेव्हा मीही कौल घ्यायला गेले. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि म्हणाले, "बोल." मी म्हटलं, "परदेशी शिकवायला जाऊ का?" ते म्हणाले, "असं चालत नाही. देव हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो, तिसरं बोलत नाही. कुठल्या गावात, कोणाकडे, किती पगारावर, ते सांग." मला गावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. एजंट 'बँकॉकजवळ' एवढंच म्हणाला होता. भटजींनी पाकळ्या काढून तबकात ठेवल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. इतका राग आला होता मला!

ते 'बँकॉकजवळ' निघालं कोराट, अडीचशे किलोमीटरवर. आपल्या गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, पेडणे ते काणकोण, दोनदा गेलीस तरी अंतर उरेल.

आता तुझ्या दीड लाखाचं. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी, याच्या वर घेता येत नाही. त्याचा परवाना क्रमांक माग आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपास. टाळाटाळ केली तर तिथेच थांब. थायलंडची नोकरी सांगून आपल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावड्डीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्यावर इशारा द्यावा लागला होता. म्हणून शाळेत स्वतः फोन कर आणि तिथल्या इंग्रजी विभागातल्या शिक्षकाशी बोल. 'टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून देऊ' म्हणाले तर नको. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा घेऊनच निघायचं. वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी शाळेने काढायची असते. तुझी पदवी, पोलीस क्लिअरन्स, टेफल म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा 120 तासांचा कोर्स आणि इंग्रजी आपली मातृभाषा नाही म्हणून टोइक किंवा आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, एवढं तू तयार ठेव. थांबलेल्या वर्षांत मी यातलं काहीही केलं नव्हतं, नुसते नारळ ठेवले.

करारात एकच ओळ शोध: सुट्टीचा पगार. तिथलं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. माझा करार 10 महिन्यांचा होता, हे मला पहिल्या मार्चमध्ये कळलं. एप्रिलमध्ये सगळं गाव सोंगक्रानचं पाणी उडवत होतं आणि मी तांदूळ मोजून शिजवत होते. आणि मला 22,000 बात मिळायचे तेव्हा तेवढ्याच तासांना शेजारच्या वर्गातल्या ब्रिटिश मुलाला 35,000. भांडून उपयोग झाला नाही. हे माहीत असून जायचं असेल तर जा.

वर्गाची भीती मात्र बाळगू नकोस. तिथली मुलं इंग्रजी शब्दाचं शेपूट गिळतात. 'राइस', 'राइट', 'राइड' तिन्ही 'राय' ऐकू येतात. पण हसायचं कोणी कोणाला? 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' मी एकसारखंच म्हणायचे. फोंड्यात 12 वर्षं शिकवलं, कोणी टोकलं नव्हतं. खोलीतल्या आरशासमोर खालच्या ओठावर दात टेकवून महिनाभर 'व्ही' घोटला. मग मुलांनाही छोटे आरसे दिले. तो तास सगळ्यात गमतीचा झाला.

जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' असतो, शिक्षकांना वंदन करायचा दिवस. ख्रू म्हणजे आपला गुरूच. मुलं गुडघ्यांवर सरकत येऊन फुलं देतात. माझ्या ताटलीत पिटकुळीची फुलं होती, वांग्याचं फूल होतं, आणि चक्क दूर्वा! मी मोजल्या. 21 नव्हत्या.

आईशी वाद घालू नकोस. डावा कौल तिने विचारलेल्या प्रश्नाला आहे, आणि तिने तेवढंच विचारलं जेवढं तुला माहीत होतं. गाव, शाळा, व्हिसा, पगार, सुट्टीतला पगार, परतीचं तिकीट कोण देणार, हे सगळं कागदावर लिही आणि तिला घेऊन परत देवळात जा. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा कागद घेऊनच गेले होते. भटजींनी चष्मा लावून आधी तो पूर्ण वाचला, मग पाकळ्या भिजवल्या.

करार हातात आला की पगाराचं कलम तेवढं मला पाठव, वाचून सांगते. सही त्याच्यानंतर.