तिसऱ्या बॉयवर अडकलेली मुलगी

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी स्लॅलम वॉटर स्कीइंग (बोटीला बांधलेला दोर धरून, स्कीवर नागमोडी जाणे) करते. १८.२५ मीटर दोर आणि बोटीच्या ताशी ५२ किमी वेगाला सहाही बॉय (वळसा घालायचे तरंगते गोळे) घ्यायची. दोन महिने झाले, तिसऱ्यापुढे जातच नाही. रोज फिनची (स्कीखालच्या पात्याची) मापे बदलून बघतोय. काय करावे? – एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : फिनला हात लावणे आधी थांबवा. जुनी मापे असतील तर कॅलिपरने (मोजपट्टीसारख्या साधनाने) तीच परत लावा, नाहीतर चूक स्कीची की स्कीयरची हे कळणारच नाही.

दोष बहुतेकदा गेटवर, म्हणजे मार्गात शिरायच्या दोन बॉयमधल्या जागेत, असतो. गेटआधी ती डावीकडे उशिरा किंवा कमी बाहेर निघाली, तर आत घाईने, जास्त वेगात येते. पहिल्या बॉयला उशीर होतो, दुसऱ्याला आणखी. तिसऱ्याशी दोर ढिला पडतो, मग झटक्याने ताणतो. खांदे पुढे ओढले जातात, हँडल सुटते. बोटीतून व्हिडिओ काढा, साखळी स्पष्ट दिसेल.

वेग ४६ वर आणा. सत्रात सहाच पास (मार्गातून फेऱ्या). पहिले दोन फक्त गेट आणि पहिला बॉय. सलग चार पास पूर्ण झाले की ४९, मग ५२.

वजनही बघा. या वयात ते झपाट्याने वाढते आणि जुनी स्की वळणात खोल बसून वेग गमावते. कंपनीच्या वजन-तक्त्याशी ताडून पाहा. बूट बोटांना आवळत असतील तर तेही बदला.

आणि घरी परतताना ‘आज किती बॉय?’ असे कृपया विचारू नका. गेट कसे जमले, ते विचारा.