वाचकांचे प्रश्न : पकडलेल्या परक्या सैनिकाला कायदा लागू होतो का?

प्रश्न : पुलगावला दारूगोळा भांडार असल्यामुळे आमच्याकडे फौजेच्या गोष्टी रोजच्याच. परवा पारावर वाद झाला. एक जण म्हणे, “जो आपल्या देशाचाच नाही, त्यात लढाईत धरलेला, त्याले कायचा आला हक्क?” खरं काय समजायचं? – एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : हक्क आहेत. ते कोणते, हे मात्र तो माणूस कोण म्हणून धरला गेला त्यावर ठरतं.

शत्रूच्या फौजेतला सैनिक हाती लागला की तो युद्धकैदी. त्याला १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार लागू होतो. आपल्या देशासाठी लढला हा त्याचा गुन्हा नाही, म्हणून नुसत्या लढण्याबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही. त्याला अडकवून ठेवायचं ते पुन्हा रणांगणावर जाऊ नये एवढ्यासाठी. चौकशीत नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढंच सांगणं त्याला बंधनकारक. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन यांनी पुढच्या प्रश्नांना नकार दिला, तो या नियमाला धरूनच. त्यांचे व्हिडिओ मात्र जगभर फिरले. कैद्याचा तमाशा करू नये, असं कराराचं तेरावं कलम स्पष्ट सांगतं. आपल्या हाती लागलेल्या कैद्यालाही तेच कलम लागू, हे आपणही मोबाइलवर व्हिडिओ पुढे ढकलताना ध्यानात ठेवावं.

छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड पाठवू द्यावं लागतं : मी कैदेत आहे, तब्येत अशी, पत्ता हा. पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. कागदाचा हा तुकडा साधा वाटतो, पण ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याला गायब करणं सोपं असतं. म्हणून आम्ही या कार्डाला जेवणाइतकंच महत्त्व देतो.

घोळ होतो तो गणवेश नसलेल्या माणसाचा. तो सैनिक, हेर की चुकून सापडलेला वाटसरू? अशी शंका असेल तर पाचवं कलम म्हणतं की सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैद्यासारखंच वागवा. हेर ठरला तर युद्धकैद्याचा दर्जा जातो, पण माणूस म्हणून असलेले हक्क जात नाहीत. कुलभूषण जाधव प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये हेच सांगितलं : हेरगिरीचा आरोप असला तरी स्वदेशाच्या वकिलातीला भेटू देणं भाग आहे.

सुटकेचा नियम असा की लढाई थांबली की विनाविलंब परत पाठवा. यात आपलाही हिशेब स्वच्छ नाही. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध संपलं, सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिक आपल्याकडे होते. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्ली करार झाला आणि शेवटची तुकडी एप्रिल १९७४ मध्ये गेली. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता देण्याचा आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांचा पेच होता हे खरं, पण कैद्याच्या घरच्यांनी दोन वर्षांवर वाट पाहिली हेही तितकंच खरं.

प्रश्न : ग्वांतानामोच्या कैद्यांना अमेरिकी कोर्टाने हक्क दिले असं वाचलं. भारतात असा परकीय कैदी उच्च न्यायालयात जाऊ शकतो का? – कायद्याची विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : ग्वांतानामो हा अमेरिकेचा लष्करी तळ, दहशतवादाच्या संशयावरून धरलेल्या परकीयांना तिथे ठेवलं. तो क्युबाच्या भूमीवर आहे, तेव्हा तिथे आमची राज्यघटना चालत नाही, असं अमेरिकी सरकारचं म्हणणं होतं. २००८ च्या बुमेदिएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळलं आणि तिथल्या परकीयांनाही हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अधिकार आहे असं ठरवलं. या निकालाचं मोल कळायला खुद्द लखदर बुमेदिएनचं प्रकरण बघा. बोस्नियात रेड क्रेसेंटसाठी काम करणारा हा अल्जीरियन माणूस २००१ मध्ये धरला गेला. कोर्टाने पुरावा मागितला तेव्हा कटाच्या आरोपामागे एका निनावी खबऱ्याच्या माहितीचा एक गोपनीय कागद निघाला. नोव्हेंबर २००८ मध्ये सुटकेचा आदेश झाला, मे २००९ मध्ये तो फ्रान्सला पोचला. साडेसात वर्षं!

आपल्या राज्यघटनेत कलम १९ (भाषण, संचार अशी स्वातंत्र्यं) फक्त नागरिकांसाठी, पण १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) ‘व्यक्ती’ला आहेत. विद्यार्थी चुकतात ते कलम २२ मध्ये. अटकेची कारणं सांगणं, वकील, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, हे हक्क २२(३) नुसार शत्रुदेशीय परकीयाला, म्हणजे आपल्याशी युद्ध चालू असलेल्या देशाच्या नागरिकाला, मिळत नाहीत. कलम २१ मात्र उरतं, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही ते थांबवता येत नाही.

म्हणून नागपूर खंडपीठापुढे कलम २२६ खाली याचिका करायची तर मांडणी अशी असावी : हा माणूस खरोखर शत्रुदेशीय आहे का, आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या आदेशाने त्याला ठेवलं? त्या आदेशाची प्रत मागा. जिनिव्हा करारांसाठी भारताने केलेल्या कायद्यावर, म्हणजे केवळ जिनिव्हा करार अधिनियम, १९६० वर याचिका उभी करू नका. या अधिनियमातून कोर्टात दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये गोव्याच्या मोंतेरो प्रकरणात सांगितलं आहे. कराराचा आधार घ्या, पण २१ च्या मागे.

प्रश्न : मुलगा आखातात बांधकामावर आहे. तिथे युद्ध पेटलं तर त्याला शत्रू समजून डांबतील का? – एक आई, मेहकर तालुका

उत्तर : ताई, भारत त्या युद्धात नसेल तर तुमचा मुलगा तटस्थ देशाचा नागरिक. शत्रुदेशीय म्हणून त्याला डांबता येत नाही, पण संशयावरून धरू शकतात. अशा वेळी चौथ्या जिनिव्हा कराराचं (तो युद्धात सापडलेल्या नागरिकांसाठी आहे) संरक्षण बहुधा त्याला मिळत नाही, कारण त्याच्या देशाची वकिलात तिथे चालू असते. म्हणजे खरा आधार भारतीय दूतावास.

आजच करा : पासपोर्टचं पहिलं व शेवटचं पान, व्हिसा आणि कामाचा करार यांच्या प्रती घरी ठेवा. पासपोर्ट बहुतेकदा मालकाकडे असतो, तेव्हा फोटो तरी मागवा. संपर्क तुटला तर शेवटच्या फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. फोनच बंद असतील तर रेडक्रॉसमार्फत कौटुंबिक निरोप पाठवता येतो. तो उघडा असतो, अधिकारी वाचतात, म्हणून त्यात तब्येत आणि घरची खुशाली एवढंच लिहा. फौज, हल्ला, राजकारण यांचा एक शब्द आला तरी निरोप अडतो.